निरोगी माणसाचे हात

माझे डोळे पिवळे झालेत हे मला पहिल्यांदा भाजीवालीनं सांगितलं. इंदापूरच्या बाजारात मी तिच्याशी मेथीच्या जुडीवरून वाद घालत होते. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, भाव ऱ्हाऊ द्या, डोळं बगा तुमचं. हळद झालीय."

घरी येऊन आरशात पाहिलं. खरंच होतं. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे यजमान वसंतराव. रोज समोरासमोर बसून चहा घेत होतो, पण त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कालव्याची पातळी बोटभर उतरलेली दिसते. बायकोचा रंग बदललेला दिसेलच असं नाही.

हे लिहितेय ते कुणाचे डोळे असेच पिवळे झाले तर त्यांनी वाचावं म्हणून. यात शौर्य नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, आणि 'आजारावर मात', 'मृत्यूशी झुंज' असलं काही छापलेली पुस्तकं इतकी हाताळलीत की ते शब्द मला वापरवत नाहीत. मी झुंजले नाही. मी पडून होते आणि जे सांगतील ते करत होते. आधी एकाचं ऐकलं, मग दुसऱ्याचं. त्या दोन ऐकण्यांत फरक काय होता, एवढंच मला सांगायचं आहे.

रविवारची परात

कावीळ झाली म्हटलं की आमच्याकडे कुणी आधी डॉक्टरचं नाव काढत नाही. सगळे एकच सांगतात: बावड्याला तात्यांकडे जा. मला ते सांगायची गरज नव्हती. बावड्याचे तात्या म्हणजे माझे थोरले भाऊ.

कावीळ धुण्याची विद्या आमच्या माहेरी आजोबांपासून आहे. रविवारी सकाळी लोक ओट्यावर येऊन बसतात. पितळी परातीवर दोन्ही हात धरायचे. तात्या एका झाडाच्या सालीची भुकटी त्या हातांवर चोळतात, वरून चुन्याची निवळी ओततात, आणि परातीत पडणारं पाणी पिवळंधमक होतं. रोग डोळ्यांदेखत उतरतो. असे तीन रविवार करायचे. तिसऱ्या रविवारी पाणी जवळजवळ पांढरं येतं. झाड कोणतं ते फक्त घरातल्या पुरुषांना माहीत असतं. मुलींना सांगत नाहीत, कारण त्या सासरी जातात आणि विद्याही त्यांच्याबरोबर जाईल अशी भीती. साल कुटायचं काम मात्र लहानपणी माझ्याकडेच होतं. मी डोळे मिटून कुटत नव्हते, एवढंच सांगते.

तात्या भोंदू नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. ते पैसा घेत नाहीत. लांबून आलेल्याला जेवू घालतात. बरं वाटलं की एक नारळ आणून द्यायचा, एवढीच रीत. ते नारळ माळ्यावर साठतात आणि दसऱ्याला फोडून गावात वाटले जातात. दर वर्षी दसऱ्याआधी माळा इतका भरतो की शिडी लावायला जागा उरत नाही. कुणी शंका काढली तर तात्या बोलत नाहीत, नुसतं वर बोट दाखवतात.

मग मी, एवढं वाचलेली बाई, तिथं का गेले? भीती वाटली म्हणून. विज्ञानाची पुस्तकं वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेली होती, पण भीती वाटल्यावर मला कपाट आठवलं नाही, तो ओटा आठवला. शिवाय थोरला भाऊ आख्ख्या तालुक्याची कावीळ धुतो आणि सख्खी बहीण दवाखान्यात जाते, हे बावड्यात कसं दिसलं असतं? आमच्याकडे बरेच निर्णय कसं दिसेल यावरच होतात.

तात्यांनी माझे डोळे खाली ओढून पाहिले. "लै चढलीय. आधी का आली न्हाईस?"

"आत्ताच कळलं."

"पावण्यांनी सांगितलं न्हाय?" त्यांनी वसंतरावांकडे पाहिलं. वसंतराव परातीकडे बघत राहिले.

पहिल्या रविवारी पाणी असं पिवळं आलं की वहिनींनी तोंडाला पदर लावला. मग उसाचा रस सुरू झाला. कावीळ म्हटली की उसाचा रस, सकाळ-संध्याकाळ. तात्यांच्या शेतातला ऊस, दारातला चरक, वर वहिनींची माया. उसाविषयी प्रश्न विचारायची आमच्या भागात पद्धत नाही. पुढं रक्तातली साखर तपासल्यावर डॉक्टरांनी नुसता कागद माझ्यासमोर सरकवला.

तिसरा रविवार

तिसऱ्या रविवारी परातीतलं पाणी ताकासारखं आलं. ओट्यावरचे लोक समाधानानं माना डोलवू लागले. माझी नजर तात्यांच्या बोटांवर होती. पहिल्या रविवारी त्यांनी डब्यातून मूठभर भुकटी घेतली होती. आज चिमूटभर.

"तात्या, भुकटी कमी घेतली आज?"

"मग? रोग कमी झाला, औषद बी कमी नगं व्हय?"

"रोग कमी झाला ते कशावरून?"

"पाणी बग की. पांढरं येतंय."

ते हे इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाही पटलं. मग मी ती दोन वाक्यं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिली. रोग उतरला म्हणून भुकटी कमी, भुकटी कमी म्हणून पाणी पांढरं, पाणी पांढरं म्हणून रोग उतरला. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. आजोबांनी असंच केलं, वडिलांनी असंच केलं. कमी झालेल्या दुखण्याला कमी औषध द्यावं, ही कोणत्याही शहाण्या माणसाची समजूत असते. एवढी पिढ्यान्‌पिढ्यांची चूक इतक्या प्रामाणिकपणे होत आलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

मी म्हटलं, "तात्या, आता ह्यांचे हात धुवा."

"पावण्यांचं? त्यास्नी काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच."

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "मॅडम लायब्रीत जास्ती बसल्या." तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी हात पुसले, परात उचलली आणि म्हणाले, "मंदे, जो आजारी न्हाय त्येचं हात धुवायला माझं डोकं फिरलंय व्हय? ही काय चेष्टा हाय?"

मी हट्ट धरला नाही. घरातल्या माणसाला लोकांसमोर खोटं पाडायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. आणि दुसरं कारण त्याहून साधं: मला बरं व्हायचं होतं. पाणी पांढरं आलं होतं, ते मला तसंच राहायला हवं होतं.

आणि झालंही तसंच. पुढच्या आठवड्यात माझे डोळे निवळले. लघवीचा रंग सुधारला, भूक लागली. भाजीवाली म्हणाली, "उतरली की ओ मॅडम." मी नारळ विकत घेतला, जुन्या सवयीनं त्यावर पेनानं तारीख घातली आणि बावड्याला नेऊन दिला. तात्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. माळ्यावर ठेवताना माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं.

चाळीस पानांचा अहवाल

संक्रांतीच्या सुमाराला खाज सुरू झाली. तळहात, तळपाय, मग सगळं अंग. पाठ दाराच्या चौकटीला घासायची. डोळे पुन्हा पिवळे, पहिल्यापेक्षा जास्त. पोटात मात्र कुठं दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे फार काही नसणार, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. हीसुद्धा आपली रोजच्या वापरातली एक खात्री. तिच्यावर विसंबू नका, एवढं तरी या लेखातून घ्या.

तात्या म्हणाले, "पुन्यांदा धुवू." वसंतराव पहिल्यांदाच म्हणाले, "नको." पण ते मला डॉक्टरकडं न्यायच्या आधी त्यांच्या खात्यातल्या एका मित्रानं बारामतीतल्या एका 'वैज्ञानिक तपासणी केंद्रा'त नेलं. तिथं काचेचं दार होतं, भिंतीवर कुठल्याशा नेत्याबरोबर मालकाचा फोटो होता, आणि टेबलावर एक लॅपटॉप. मालकानं माझ्या हातात धातूची एक कांडी दिली. मिनिटभरात लॅपटॉपमधून माझ्या सगळ्या अवयवांचा चाळीस पानी रंगीत अहवाल निघाला, प्रत्येक आकडा दशांश चिन्हासकट. यकृत 'किंचित मंद' होतं. त्यावर सहा महिन्यांच्या बाटल्या होत्या.

मी विचारलं, "हे यंत्र चुकतं कधी?"

"मॅडम, हे शास्त्रीय यंत्र आहे. चुकतच नाही."

"चुकलं तर कसं कळेल?"

ते माझ्याकडे दयेनं पाहत राहिले. बाहेर आल्यावर मी वसंतरावांना म्हटलं, "याच्यापेक्षा आमची परात बरी. निदान तिच्यात दशांश चिन्ह नाही."

बारामती, दुपार

खऱ्या डॉक्टर दोन रस्ते पलीकडे होत्या. पोटाच्या डॉक्टर, चाळिशीच्या, चेहऱ्यावर झोप न झाल्याचा ताण. बाहेर बाकावर बावडा, लासुर्णे, फलटण असे सगळीकडचे लोक बसलेले. डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले, पोट दाबलं आणि दोन-चार प्रश्न विचारले. मग अचानक म्हणाल्या, "मध्ये काही दिवस पिवळेपणा उतरला होता का? आपोआप?"

मी वसंतरावांकडे पाहिलं. "हो. भाऊ कावीळ धुतो. त्यानंतर उतरला होता."

"हं." त्यांनी लिहून घेतलं. "असा चढउतार झाला की मला जास्त काळजी वाटते."

त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. त्यापुढची एक-दोन वाक्यं मला वसंतरावांनी नंतर सांगितली. तात्यांच्या माळ्यावर जी गोष्ट पुरावा म्हणून ठेवली होती, तीच या बाईंच्या वहीत संशय म्हणून उतरत होती. गोष्ट एकच, माझे निवळलेले डोळे.

त्यांनी कागदावर एक नळी काढली. यकृतातून पित्त या नळीनं आतड्यात जातं. ती अडली की पित्त रक्तात चढतं. "कावीळ हा आजार नाही," त्या म्हणाल्या. "खूण आहे. बहुतेकांची पाण्यातून किंवा अन्नातून येते आणि काही आठवड्यांत आपली आपण जाते, काही केलं तरी आणि नाही केलं तरी. तुमची ती दिसत नाही."

वसंतराव पुढं सरकले. नळी आणि अडथळा म्हटल्यावर ते त्यांच्या प्रांतात आले होते. "गाळ साठलाय, का कुणी बांध घातलाय?"

डॉक्टर प्रथमच हसल्या. "तेच बघायचं आहे. मला बांध वाटतो. नळीच्या तोंडाशी गाठ असावी. अशी गाठ कधी कधी थोडी झिजते, तेवढे दिवस नळी मोकळी होते आणि कावीळ उतरते. माझं चुकत असेल तर स्कॅनमध्ये कळेल. स्कॅननं फसवलं तर तुकडा काढून तपासू. तिथंही मी चुकीची ठरले तर मला आनंदच होईल."

मला तेव्हा राग आला. इतकी घाबरून आलेली बाई, आणि डॉक्टर तीन ठिकाणी 'चुकत असेल' म्हणतात. तात्या असं कधी म्हणाले नव्हते. काचेच्या दारावाला तर नाहीच. आता मला वाटतं की त्या आजारात मी ज्यांच्याशी बोलले, त्यांच्यात आपण कुठं आणि कसे चुकलेले सापडू हे आधीच सांगून ठेवणारी ती एकच व्यक्ती होती.

त्या चुकल्या नाहीत. स्कॅनमध्ये गाठ होती. तुकड्यात कर्करोग होता.

घरी येताना भिगवणपर्यंत रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्यांच्या मागं हळूहळू चाललो होतो. वसंतरावांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

पुणं

शस्त्रक्रिया पुण्यात झाली. पोटातली अर्धी मांडणी बदलली, असं ढोबळ सांगते. ज्यांना तपशील हवेत त्यांनी डॉक्टरांना विचारावेत, माझ्यासारखे रात्रभर फोनवर शोधू नयेत.

रुग्णालयाच्या दालनात संस्थापकांचा अर्धपुतळा होता आणि त्याच्यावर कायम दिवा. माझ्या खाटेवरच्या दिव्याचं बटण मात्र बिघडलेलं. पोटात नळ्या असताना एक मुलगी टॅब घेऊन आली आणि 'आपला अनुभव कसा होता' यावर तारे द्यायला सांगू लागली. मी तिला म्हटलं, अनुभव अजून चालू आहे.

पण तिथंच एक मावशी होत्या, सफाई करणाऱ्या. मी हात वर करू शकत नव्हते, तर त्यांनी पहिल्याच सकाळी न विचारता माझे केस विंचरून वेणी घातली. मग रोज घालू लागल्या. एवढी साधी वेणी कुणी घालावी आणि माणसाला पुन्हा माणूस वाटावं. आजारी माणसाला भेटायला जात असाल तर फळं नेऊ नका, कंगवा न्या.

तात्या आले तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत यायला त्यांना धीर होत नव्हता. आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होते. वसंतराव आयुष्यात कुणाला टाकून बोलले नाहीत, ते त्या दिवशी म्हणाले, "तात्या, तुमच्या परातीपायी महिना गेला."

मग तात्या म्हणाले, "पण उतरली हुती की पावणं. तुमी बी बगितली."

"बघितली."

"मग आमी काय समजायचं?"

पुढं मी सर्जनना विचारलं, महिन्यानं फरक पडला का. ते म्हणाले, "पडला असेल. नसेलही. तुमच्या एकटीच्या बाबतीत ते कधीच सांगता येणार नाही." हे वाक्य घेऊन मी घरी आले. त्याच्याशी माझं अजून जमलेलं नाही. दुपारी एकटी असले की ते समोर येऊन बसतं.

न आलेले

बारामतीत केमो सुरू झाली. पलंगावर पडल्या पडल्या विचार करायला वेळ भरपूर होता, आणि तोंडाला चव नसल्यानं विचारांनाही नव्हती.

आमची रोजची माहिती खोटी असते असं मला म्हणायचं नाही. भाजीवालीनं रंग बरोबर ओळखला. वसंतरावांना नळी लगेच कळली. तात्यांनी शेकडो काविळी पाहिल्यात. साधी कावीळ कशी चढते, कधी उतरते, कशानं मळमळतं, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. मग अडलं कुठं?

कॉलेजात दर वर्षी आम्ही पुस्तकांची पडताळणी करायचो. नव्या मुलांना वाटायचं, कपाटातली पुस्तकं मोजायची. कपाटातली तर कुणीही मोजेल. खरं काम असतं ते जी कपाटात नाहीत ती शोधायचं. कोण घेऊन गेलं, परत का आलं नाही. तात्यांचा माळा भरलेला होता. पण माळ्यावर फक्त बरे झालेलेच येतात. जे बरे झाले नाहीत त्यांचा नारळ येत नाही, आणि न आलेला नारळ दिसत नाही. तात्यांनी आयुष्यभर वर बोट दाखवलं. तिथं काय नाही, हे पाहायला कुणी शिडी लावलीच नाही.

हे मी तात्यांना सांगितलं. ते उन्हाळ्यात मला भेटायला आले होते, केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत. माझं डोकं उघडं होतं, ते बघायचं त्यांनी टाळलं. सगळं ऐकून घेतलं आणि कपातला निवलेला चहा संपवला.

मग म्हणाले, "पळसदेवचा एक कोळी हाय. गेल्या भादव्यात आला हुता. तीनी रविवार केलं त्यानं. त्यो फिरून आलाच न्हाय बग."

"काय झालं त्याचं?"

"मला काय म्हाईत? म्या कदी इचारलंच न्हाय." थोडं थांबून म्हणाले, "चल, जाऊ."

पळसदेव

वसंतरावांनी गाडी काढली. उजनी धरणाचं पाणी खूप आत गेलं होतं आणि एरवी बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. आम्ही विचारत विचारत घर गाठलं. दारात वाळत घातलेलं जाळं, आणि ते निवडत बसलेली एक बाई. तिनं तात्यांना लगेच ओळखलं आणि लगबगीनं उठली.

"तात्या, या की. बसा." मग मला पाहिलं, माझ्या डोक्यावरचा रुमाल पाहिला, आणि आत जाऊन माझ्यासाठी उशी घेऊन आली.

तात्यांनी बसता बसता विचारलं, "मालक कुठं हायत?"

"गेलं की ओ. दिवाळीच्या आदीच."

बाई बोलत राहिली. तुमच्याकडून आल्यावर चांगलं आठ दिवस बरं होतं, जेवत होते, पाण्यावरबी गेले. मग पुन्हा पिवळे झाले, अंग खाजवून रक्त काढायचे. सोलापूरला नेलं, तोवर उशीर झाला होता. पोटात गाठ होती म्हणे. ती हे सगळं काहीही राग नसलेल्या आवाजात सांगत होती, आणि तो आवाज ऐकवत नव्हता.

बोलता बोलता ती उठली आणि आतून एक नारळ घेऊन आली.

"ह्यो ऱ्हायला हुता तुमचा. बरं वाटलं तवाच आणून ठिवला हुता त्यांनी. आज जातो, उद्या जातो करत यायचंच झालं न्हाय. घिऊन जावा. कुणाचं देणं ठिवू ने."

तात्यांचे हात मांडीवरच राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत कुणी दिलेला नारळ नाकारताना पाहिलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे बाई," ते म्हणाले. "त्यो माझा न्हवं."

"मग कुणाचा?"

परतताना गाडीत तात्या मागच्या सीटवर बसले होते. पुढं वाकून म्हणाले, "दोन दिस आदी आला असता, तर त्यो बी माळ्यावर गेला असता, मंदे."

पिवळं पाणी

त्या रविवारी मी माहेरीच होते. लोक यायच्या आधी, वहिनी अंगण झाडत असताना तात्यांनी परात मांडली. वसंतराव ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"पावणं, हात फुडं करा."

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेपराची घडी केली, बाह्या सारल्या आणि हात धरले. तात्यांनी डब्यातून भुकटी घेतली, पहिल्या रविवारची, मूठभर. नेहमीसारखीच मन लावून चोळली. चुन्याची निवळी ओतली.

परातीत पिवळंधमक पाणी पडलं.

वहिनी झाडू घेऊन तिथंच उभ्या राहिल्या. "अगं बया. पावण्यांना बी झाली व्हय?"

मी कधीपासून या पाण्याची वाट पाहत होते, आणि ते आलं तेव्हा मला फक्त भावाची मान दिसत होती. तात्या परातीत बघत राहिले. मग त्यांनी आपलेच हात भुकटीनं चोळले आणि वसंतरावांना म्हणाले, "वता."

तेही पाणी पिवळंच आलं.

थोड्या वेळानं लोक आले. तात्या ओट्यावर बसले, पण परात आत होती. त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, आधी रक्त तपासून आणा, पोटाची सोनोग्राफी करून आणा, मग बघू. एकजण म्हणाला, "तात्या, आमी काय दवाखान्याला भेऊन हितं आलोय, आन् तुमी बी तिकडंच लावताय?" दुसरा जाता जाता मोठ्यानं म्हणाला, बहिणीनं भावाची विद्या घालवली. मला ऐकू जावं असाच तो बोलला होता. तात्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आता ते कुणाचे हात धुतात, कुणाचे नाही. रिपोर्ट हातात घेतात, इंग्रजी वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघतात. पण एक मी पाहिलं आहे. तीन आठवड्यांनी जो परत येत नाही त्याच्या गावाला ते फटफटीवर जातात.

त्या रविवारी आम्ही निघताना त्यांनी माळ्याला शिडी लावली. वर चढून बराच वेळ ढीग उपसला आणि एक नारळ घेऊन खाली आले. त्यावर माझ्या अक्षरात तारीख होती.

"ह्यो तुझा," ते म्हणाले. "ह्यो माझ्या हिशेबात धरायचा न्हाय."

माझी केमो आता संपली आहे. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो, आणि त्याच्या आधीचा आठवडा आम्ही दोघं कसे काढतो ते लिहिण्यासारखं नाही. मागच्या वेळी बारामतीच्या डॉक्टरांना मी विचारलंच, "मी बरी झाले का?" त्यांनी फिल्म उजेडासमोर धरून पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाल्या, "आज काही दिसत नाही."

नारळ माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. कानाशी धरून हलवला की आतलं पाणी कमी होत चाललेलं कळतं. वसंतराव म्हणतात, दसऱ्याला फोडून टाकू. मी म्हटलं, अजून नको. तो कुणाच्या हिशेबात धरायचा, ते ठरलेलं नाही.